निघणाऱ्याला विचारू नये

आस्लाउग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गेली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. वेळ पक्की लक्षात आहे, कारण पोह्यांवर झाकण ठेवून मी नुकतंच घड्याळाकडे पाहिलं होतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला एक लांब उघडा सज्जा आहे आणि सगळ्यांची दारं त्या सज्ज्यावर उघडतात. लिफ्टकडे जाणारं माणूस माझ्या खिडकीवरूनच जातं. तिच्या अंगात निळा लोकरी कोट होता, पायात जाड तळव्यांचे बूट, हातात काठी. चाकांचा वॉकर मात्र तिच्या दाराशी तसाच उभा होता.

मी खिडकी उघडली.

"गारठा आहे," मी म्हणाले.

"नोव्हेंबर आहे, यायंती," ती म्हणाली. माझं नाव जयंती. चव्वेचाळीस वर्षांच्या शेजारात तिच्या तोंडी ते कधी नीट बसलेलं नाही.

"सावकाश जा. लवकर ये."

"हो, हो," म्हणत ती लिफ्टकडे वळली.

एवढंच. कुठे निघालीस, हे मी विचारलं नाही. प्रश्न ओठांपर्यंत आला होता, तो गिळला.

निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, हे मी मिरजेला आमच्या घरी शिकले. विचारलं की काम अडतं. एकोणऐंशी साली मी नवऱ्यामागून इकडे यायला निघाले, तेव्हा आईने हातावर दही घातलं, ते चाटून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, आणि समोरच्या सुचित्राकाकूंनी गच्चीवरून विचारलं, "कुठे गं निघालात सगळे?" आईचा चेहरा उतरला. तिने सगळ्यांना परत आत नेलं, बसवलं, पाणी पाजलं, पुन्हा दही, पुन्हा निघणं. गाडी चुकता चुकता मिळाली. आईला त्यानंतर मी पाहिलं नाही. दोन वर्षांनी ती गेली आणि तार माझ्या हातात पडली तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता. यात काकूंचा काही दोष नाही, हे मला समजतं. मी शिकलेली बाई आहे. तरी पंचेचाळीस वर्षांत बाहेर पडलेल्या कुणालाही मी 'कुठे' विचारलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही.

साडेअकराला माझी बेल वाजली. दारात आस्लाउगची मुलगी मरायके उभी होती. साठीची आहे, उंच, बापासारखी रुंद खांद्यांची. तिचा बाप हार्म डच खलाशी होता.

"आई तुमच्याकडे आहे का?"

"नाही. सकाळी बाहेर पडली. पावणेनऊला."

"कुठे गेली?"

"ते मी विचारलं नाही."

मरायकेने आईच्या दाराशी उभ्या वॉकरकडे बोट दाखवलं. "सत्त्याऐंशी वर्षांची बाई. गेल्या महिन्यात बसथांब्यावर सपाता घालून बसलेली सापडली. ती तुमच्या डोळ्यांसमोर वॉकर न घेता निघते, आणि तुम्ही विचारलं नाही?"

"नाही विचारलं."

"का?"

काय सांगणार होते? सुचित्राकाकूंची गच्ची? ती तिच्या जागी बरोबर होती. सप्टेंबरात आस्लाउगने शेगडी सुरू ठेवून झोप काढली होती. तेव्हापासून मरायके दर दोन दिवसांनी गाडी काढून येत होती. रात्री फोन वाजला की तिचे हातपाय गार पडतात, असं तिनेच मला सांगितलं होतं.

"आज तीन वाजता ती बाई येणार आहे," ती म्हणाली.

ते मला ठाऊक होतं. सरकारी तपासणीची बाई. आस्लाउग घरात एकटी राहू शकते की तिला स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या बंद वॉर्डात ठेवायचं, हे ती ठरवणार होती. बंद म्हणजे खरोखर बंद. दाराला आकड्यांचं कुलूप, आणि ते आकडे आतल्यांना सांगत नाहीत. आस्लाउग मला महिनाभर एकच गोष्ट म्हणत होती: "मी एकदाच घर सोडलं, यायंती. दुसऱ्यांदा सोडायची माझ्यात ताकद नाही."

आम्ही दोघी तिच्या घरात गेलो. मरायकेकडे किल्ली होती. पलंग आवरलेला, पडदे उघडे. मरायकेने फोन टेबलावर ठेवला.

"साडेबाराला मी पोलिसांना कळवणार."

"पोलिसांनी शोधून आणली तर?"

"तर त्याची नोंद होते. ती नोंद त्या बाईच्या कागदांत जाते. मग माझ्या हातात काही राहत नाही." ती खुर्चीत बसली. "पण ती कालव्यात पडून मरण्यापेक्षा बंद दार परवडलं. कॉफी करते. तुम्ही घ्याल?"

तिने टेबलावरचा कप उचलायला हात पुढे केला. पांढरा, निळ्या काठाचा जुना कप. बशीवर उपडा घातलेला.

मी तिचं मनगट धरलं. स्वतःच दचकले, कारण इतक्या वर्षांत मी त्या मुलीला असा हात लावला नव्हता.

"तो नको. तो उपडा आहे."

"मग? धुऊन ठेवला असेल."

"धुतलेले कप ती जाळीत ठेवते. तुला ही गोष्ट तिने सांगितली नाही?"

"आई मला नॉर्वेचं काही सांगत नाही. मला कंटाळा येतो असं तिला वाटतं." मग म्हणाली, "यायचा मला कंटाळा."

मला आस्लाउगने ते सांगितलं होतं ते माझी आई गेल्याची तार आली त्या आठवड्यात. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर आरेन्दालच्या जवळ तिचं गाव होतं, वीसेक घरांचं. एकोणीसशे एकोणसाठ साली त्या गावातल्या तीन मुली एका वर्षात गेल्या. एक अमेरिकेला, एक इंग्लंडला कुणाच्या घरी कामाला, आणि आस्लाउग हार्मशी लग्न करून इकडे. "आमच्याकडे पुरुष समुद्रावर जायचे आणि परत यायचे," ती म्हणाली होती. "बायका एकदाच जायच्या." तिची आई धक्क्यावर पोचवायला आली नाही. गाईंची धार काढायची होती, असं म्हणाली. पण त्या सकाळी आस्लाउगने कॉफी संपवल्यावर आईने तो कप धुतला, फळीवर उपडा घातला आणि घरच्यांना सांगितलं, ही येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. पाच वर्षांनी आई वारली तेव्हा आस्लाउगच्या पोटात मरायके होती, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. पुढल्या उन्हाळ्यात ती गेली, तर फळीवर कप तसाच होता. भावजय फळी पुसायची, पण कपाभोवतीने. आस्लाउगने तो स्वतःच्या हाताने सुलटा केला, त्यात कॉफी प्यायली, आणि इकडे घेऊन आली.

हे सगळं मी मरायकेला इतकं सविस्तर नाही सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं.

"ती हरवलेली नाही," मी म्हणाले. "परत येण्याच्या बोलीवर गेली आहे."

"हे तुम्ही कपावरून सांगता?"

"कपावरून."

"आणि गेली कुठे, ते कप सांगतो का?"

टोमणा होता, पण रास्त होता. मी खाली बसले. "काल तुम्ही काय बोललात दोघी?"

काल मरायकेने तिच्याकडून उजळणी करून घेतली होती. आज वार कोणता, राजा कोण, नेदरलँड्समध्ये कधी आणि कशा आलात. शेवटच्या प्रश्नावर वाद झाला होता.

"ती म्हणते, लाकूड वाहणाऱ्या जहाजाने देल्फझाइल बंदरात उतरले, समुद्राच्या बांधाला अकरा दगडी पायऱ्या होत्या, वरच्या पायरीला लोखंडी कडं होतं. मी म्हणाले, आई, तिथे पायऱ्या नाहीत. शंभर वेळा गेले आहे मी त्या बांधावर. त्या बाईपुढे हे बोलू नकोस, तिला वाटेल तू मनाने रचून सांगतेस."

"मग?"

"मग जेवलीच नाही."

मी उठले. "मी देल्फझाइलला जाते. तू इथे थांब. कुणीतरी घरात पाहिजे. तीनपर्यंत पोलिसांना फोन करू नकोस."

"ती तिथे नसली तर?"

"तर तिथूनच तुला फोन करते. मग तू कर."

मरायकेने घड्याळाकडे पाहिलं. "तीन," ती म्हणाली. "तीनला ती बाई दारात असेल. मी खोटं बोलणार नाही, हेही सांगून ठेवते."

स्टेशनला जाणारी बस नुकतीच गेली होती, दुसरी मिळाली. देल्फझाइलची गाडी बारा सत्तेचाळीसला सुटली. मी खिडकीशी बसले आणि वाटेतला प्रत्येक कालवा, प्रत्येक ओढा निळ्या कोटासाठी पाहत गेले. बेडुम स्टेशनच्या पुढे मुलाचा फोन आला. निहार झूटरमेरला असतो. मरायकेने त्याला कळवलं होतं. मी मराठीत बोलते, तो डचमध्ये उत्तर देतो, आमचं तसंच चालतं. फक्त हाक तेवढी मराठीत मारतो.

"आई, तू यात का पडतेस? पोलिसांना सांगायचं, ते त्यांचं काम आहे."

"पोलिसांनी आणलं तर तिला कोंडतील."

"आणि बाईला काही झालं तर तुला विचारतील. तू तिला जाताना पाहिलंस."

"पाहिलं."

"आणि विचारलं नाहीस." तो म्हणाला. "तू मलाही कधी विचारत नसायचीस. माझ्या मित्रांना वाटायचं, हिला पोराची पर्वा नाही."

लोपरसुम आलं, गाडी थांबली, निघाली. त्याला म्हणाले, तसं नव्हतं रे. "माहीत आहे," तो म्हणाला, "पोचलीस की कळव."

देल्फझाइलला उतरले तेव्हा दीड वाजायला आला होता. वारा इतका की बांधाच्या चढावर दोनदा कठड्याला धरून उभी राहिले. वरून सगळं पाणी दिसलं, पलीकडे जर्मनीची धुरांडी. बाकं रिकामी होती. एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता, त्याला विचारलं, त्याने मान हलवली. माझा हात फोनवर गेला. तेवढ्यात खाली, पाण्याच्या बाजूला, दगडी उतार संपतो तिथल्या अरुंद ओट्यावर मला निळं काही दिसलं.

भरतीचं पाणी तिच्या बुटांपासून हातभर अंतरावर होतं. काठी शेजारी आडवी. ती पाण्याकडे तोंड करून बसली होती आणि एका हाताने दगडांच्या सांधीतलं गवत ओढत होती.

मागून हाक मारायची नाही, ही घरची दुसरी शिकवण. त्या दिवशी ते उपयोगी पडलं. हाक ऐकून ती झटकन वळली असती तर सरळ पाण्यात गेली असती. मी बाजूने, बसत-बसत, हाताने दगड धरत उतरले. त्र्याहत्तराव्या वर्षी हे शोभण्यासारखं नव्हतं. तिच्या नजरेच्या टप्प्यात आले तेव्हा म्हणाले, "सरक जरा."

ती सरकली. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

"पायऱ्या नाहीत," ती म्हणाली. नखांत माती होती. "या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मरायके खरं सांगते. माझं डोकं गेलं आहे."

"चल घरी. तीन वाजता ती बाई येणार आहे."

"येऊ दे. मी काय सांगू तिला? मी या देशात कशी आले तेच जर मी रचलं असेल, तर बाकीचं काय खरं? आईही रचली असेल. कपही."

"आस्लाउग, पाणी वर येतं आहे."

"दिसतं मला."

तिने हलायचं नाव घेतलं नाही. ओढून न्यायची माझ्यात ताकद नव्हती. लाट आली आणि तिच्या बुटाचं टोक ओलं करून गेली. दोन वाजायला आले होते. मी त्या दगडांकडे पाहत बसले, आणि मग मला माझी चप्पल आठवली.

"ऐंशीचा जून," मी म्हणाले. "आपण पाच जण आलो होतो इथे. तू, हार्म, मी, आमचे चंद्रशेखर, आणि निहार माझ्या कडेवर. मरायके आली नव्हती, तिची परीक्षा होती. मी कोल्हापुरी चपला घालून आले होते आणि तू मला हसलीस."

ती ऐकत होती.

"तुझ्या पायऱ्यांवर चौथ्या का पाचव्या पायरीवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. हार्मने वरच्या कड्याला धरून मला वर ओढलं. लोखंडी कडं, गंजलेलं. माझ्या पांढऱ्या ओढणीला त्याचा डाग पडला, तो शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हा इथे मातीचे ढीग होते, गाड्या होत्या. बांध उंच करत होते. हार्म तुला म्हणाला, नीट बघून घे, पुढल्या वर्षी या पायऱ्या मातीखाली जाणार."

आस्लाउगने गवत सोडलं.

"ओढणी लांब होती," ती सावकाश म्हणाली. "वाऱ्याने माझ्या तोंडावर येत होती."

"येत होती."

"तू पाहिल्यास त्या पायऱ्या?"

"मी त्यांच्यावर चप्पल तोडली."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठायला लागली. वर चढायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. दोनदा ती घसरली, एकदा मी. एक बावन्नची गाडी केव्हाच गेली होती, दोन बावीसची डोळ्यांदेखत गेली. दोन बावन्नच्या गाडीत बसल्यावर मी मरायकेला फोन केला, ती सापडली म्हणून.

"बाई आत्ताच आल्या," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं आहे की आई घरात नाही. सकाळपासून नाही."

"काय म्हणाल्या?"

"लिहून घेतलं."

आम्ही घरी पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. तपासणीची बाई पस्तिशीची होती, मवाळ आवाजाची. टेबलावर तिचे कागद, आणि त्यांच्याजवळ तो उपडा कप. मरायकेने त्याला हात लावू दिला नव्हता. आईला पाहिल्यावर ती उभी राहिली, तिचे ओले बूट पाहिले आणि पुन्हा खाली बसली.

प्रश्न सुरू झाले. आज वार कोणता? आस्लाउग म्हणाली सोमवार. होता मंगळवार. राजा कोण? ती म्हणाली, राणी आहे ना. पेन चालत होतं. मरायके स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"आज कुठे गेला होतात?"

आस्लाउगने सांगितलं. कितीची गाडी, कुठे बसले, आपिंगेदामला कोण चढलं. "अकरा पायऱ्या होत्या, आता मातीखाली आहेत. एक्क्याऐंशी साली गेल्या. माझी साक्षीदार इथे बसली आहे."

बाई माझ्याकडे वळली. "तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत. विचारावंसं वाटलं नाही?"

या वेळी मी सांगितलं. दही, उंबरा, सुचित्राकाकू, तार. डच भाषेत ते फार बावळट वाटत होतं. तिने लिहिणं थांबवून ऐकलं, मग म्हणाली, "म्हणजे काळजी होती म्हणून तुम्ही विचारलं नाही?"

"हो."

"हे कुठल्या रकान्यात लिहू, कळत नाही," ती म्हणाली. मग आस्लाउगला विचारलं, "परत कसं यायचं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

आस्लाउगने कप सुलटा केला आणि मरायकेपुढे सरकवला. "कॉफी दे. सकाळपासून प्यायलेली नाही."

मरायकेने ओतली. निम्मी बशीत सांडली. आस्लाउग बशीतलीच आधी प्यायली.

निकालाचं पत्र जानेवारीत आलं. सहा आठवडे आम्ही तिघी पोस्टाच्या पेटीकडे बघून दिवस काढले. आस्लाउग तूर्त घरातच राहील, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. शेगडी काढून विजेची बसवायची. आणि एक अट, जी वाचून मरायके पहिल्यांदा माझ्यासमोर हसली: घराबाहेर पडण्याआधी त्या शेजारच्या बाईंना भेटतील, आणि शेजारच्या बाई त्यांना कुठे जाता हे विचारतील.

तर आता मी विचारते. उंबऱ्याच्या आत असताना विचारलं तर चालतं, असा शास्त्रार्थ मी माझ्यापुरता लावून घेतला आहे. रोज नऊच्या सुमारास ती कोट घालून येते, माझ्या स्वयंपाकघरात बसते, मी तिच्या तळव्यावर चमचाभर दही घालते आणि मग विचारते, कुठे? ती सांगते. बेकरी, केस कापायला, नुसती कालव्यापर्यंत.

मागच्या आठवड्यात तिने दही खाल्लं, हात पुसला आणि उठून खिडकीशी गेली.

"कुठे?" मी पुन्हा विचारलं.

"ते आज आठवत नाही," ती म्हणाली. "पण निघायचं आहे एवढं माहीत आहे."

मी गॅस बंद केला आणि कोट घातला. आधी मागे जाऊन तिच्या खिडकीतून आत डोकावले. टेबलावर कप उपडा होता. मी तिचा हात धरला, आणि लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दोघींपैकी कुणीच काही विचारलं नाही.